हेरिंग चिरणाऱ्या बायकांचा शब्द

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. नेमके सांगायचे तर इंग्रजी भाषेतले एक जुने क्रियापद. माझे नाव थोल. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या शाळेत जाऊन माझ्याविषयी विचारलेत, तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. जाडजूड शब्दकोशात माझ्या नावापुढे बारीक अक्षरांत शेरा मारलेला आहे, 'जुना, बोलीतला'. तो वाचून माझी कीव मात्र करू नका. मी धडधाकट आहे, कामावर आहे, आणि माझ्याइतके काम केलेले शब्द थोडेच असतील.

तुमच्या मराठीत माझे काम 'सोसणे' करते. पण माझे खरे नाते आहे ते 'तोलणे' या तुमच्या क्रियापदाशी. फार फार वर्षांपूर्वी तुमच्या आणि आमच्या भाषा एकाच घरात नांदत होत्या, तेव्हा आम्हा दोघांचे मूळ एकच होते, आणि त्याचा अर्थ होता उचलून धरणे. पुढे घर फुटले. तुमच्याकडचे भावंड तराजूच्या कामाला लागले आणि मी माणसांच्या पाठीवर येऊन बसलो. म्हणून नुसते आडवे पडून मार खाणे म्हणजे मी नव्हे. ओझे अंगावर आहे आणि तरी माणूस उभा आहे, तिथे मी असतो.

माझ्या लहानपणी मला 'थोलियन' म्हणत आणि भूतकाळात मी 'थोलोदे' असा दिसे. माझे पहिले अक्षरसुद्धा आजच्यासारखे नव्हते. 'थ' या उच्चारासाठी तेव्हा एक वेगळेच अक्षर होते आणि त्या अक्षराचे नाव होते 'काटा'. म्हणजे पायात काटा घेऊनच मी जन्मलो म्हणा ना! थंडीत पहारा देणारे शिपाई, उपासतापास करणारे साधू, समुद्रात वाट चुकलेले नावाडी या सगळ्यांच्या तोंडी मी होतो. मग समुद्रापलीकडून नवे राजे आले. त्यांच्याबरोबर त्यांची भाषा आली आणि सोसण्याचे नवे, गुळगुळीत शब्द आले. दरबारात, मोठ्या घरांत ते शब्द बसले. पुढे छापखाने आले, तेव्हा छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या पेटीत 'काटा' नव्हताच, तोही गेला. दक्षिणेत मला कुणी ओळखेनासे झाले.

उत्तरेत मात्र मी राहिलो. स्कॉटलंडच्या न्यायालयात तर मला मानाची जागा होती, आणि ती अजून आहे. एखाद्या माणसावर खटला चालला आणि निकाल लागला, की त्या माणसाने 'आपला खटला थोलला' असे म्हणतात. एकदा थोलला की संपले. त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभे करता येत नाही. मी ज्या वाक्यात आहे ते वाक्य बोलले, की दार बंद होते आणि माणूस मोकळा होतो. आहे की नाही रुबाब?

किनाऱ्यावर माझा एक नावबंधूही आहे. होडीच्या कडेला वल्हे अडकवायची जी लाकडी खुंटी असते, तिलाही थोलच म्हणतात. आमचे नाव एक, घराणे वेगळे. पण कोळ्यांची पोरे आम्हा दोघांना सख्खे भाऊ समजत, आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

आता माझ्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगतो. ती न्यायालयातली नाही, माशांच्या आवारातली आहे. त्यातल्या माणसांचे बोलणे मी तुमच्या भाषेत सांगेन. मी स्वतः जिथे येईन तिथे मात्र मला तुमच्या क्रियापदांसारखी शेपटी लावून घेईन: थोलते, थोलीन, थोललं. मला ती शोभतेही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्टहाइथ नावाचे एक खेडे होते. कड्याखाली घरांची एकच रांग, आणि भरतीच्या वाऱ्यात पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत दारांवर पाणी उडे. तिथे लीबी वाइझमन नावाची बाई राहत असे. तिचा नवरा एका फेब्रुवारीत होडीसकट गेला होता. तिला मूल नव्हते. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा तिची मुलगी मेरन हिला लीबीनेच वाढवले.

लीबी मला फार काटकसरीने वापरी. नवरा गेला त्या आठवड्यात पाद्री तिच्या घरी आले.

"कशी आहेस, लीबी?" त्यांनी विचारले.

"थोलतेय," ती म्हणाली.

पाद्रीबुवा त्याच गावचे होते. त्यांनी पुढे उपदेश केला नाही. टोपी मांडीवर ठेवून ते बसले, तिने केलेला चहा त्यांनी घेतला, चुलीत दोन लाकडे सरकवली आणि अंधार पडेपर्यंत ते उठले नाहीत. आमच्या गावात माझा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. 'थोलतेय' म्हणजे 'बरी आहे' असे तिथे कुणी समजत नसे. 'थोलतेय' म्हणजे 'दुखतेय, पण मी पडलेली नाही', असे समजत.

तो काळ दोन महायुद्धांच्या मधला. हेरिंग माशांचे थवे उन्हाळ्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत. त्यांच्या मागे होड्या जात आणि होड्यांच्या मागे आमच्या बायका आगगाडीने जात. प्रत्येकीची एक लाकडी पेटी, पेटीत कपडे, बायबल, विणकामाच्या सुया. शरद ऋतूत त्या इंग्लंडच्या यार्मथ बंदरात पोहोचत. हजारो बायका! घरमालकिणी त्यांच्यासाठी खोल्यांतले गालिचे गुंडाळून ठेवत आणि भिंतींना कागद लावत, कारण माशांचा वास एकदा शिरला की नाताळपर्यंत निघत नसे.

कामाला तीन बायकांचा एक गट असे. दोघी मासे चिरत आणि तिसरी ते मिठाच्या थरांवर पिंपात रचत असे. लीबीच्या गटात रचणारी होती उंच एल्सपेट. पिंपाच्या तळाशी हात पोचायला हवा, म्हणून रचणारी उंचच लागे. आणि एल्सपेट एकदा पिंपात वाकली की तिचे फक्त बूट आणि मेणकापडाचा घागरा दिसे. आवाज मात्र पिंपातून येतच राही. त्या वर्षी चिरणारी दुसरी होती मेरन. तिचा तो पहिलाच हंगाम. वय सतरा, आणि मावशीच्या बरोबरीने सुरी चालवायची जिद्द.

सुरी छोटीशी असे. एका झटक्यात माशाच्या गळ्याखाली घालायची, फिरवायची, आतडी बाहेर. श्वास घेण्याइतक्या वेळात एक मासा. बोटे कापू नयेत म्हणून बायका पहाटे जुन्या कापडाच्या चिंध्या बोटांना गुंडाळत आणि दोऱ्याची गाठ दातांनी ओढत. तरी सुरी चिंधीतून आत जाई. मग त्या चिरेत मीठ जाई. तेव्हा मासे ओतायच्या लांबच लांब लाकडी डोणीच्या कडेने उभ्या असलेल्या बायकांमधून मी ऐकू येई, हलक्या आवाजात, दात आवळून. स्वतःशीच म्हटलेले, "थोलीन की."

आवाराचा मुकादम होता अटिंग नावाचा. तो त्याच बंदरातला, इंग्रज. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. होड्या भरून आल्या की मासा त्याच दिवशी मिठात गेला पाहिजे, नाहीतर नरम पडतो. मालक त्याला विचारी आणि तो बायकांना.

"तुम्ही बायका इंग्रजी बोलता की माशांशी बोलता?" तो एकदा डोणीपाशी थांबून म्हणाला. "मला एक शब्द समजेल तर शपथ!"

पिंपातून एल्सपेटचा आवाज आला, "मासे बरे, मुकादम. निदान काम चाललेलं असताना मधे मधे येत नाहीत."

सगळ्या हसल्या. अटिंगही हसला. मग तो म्हणाला, "ते काय गं तुमचं सारखं चाललेलं असतं? थोल, थोल! काय आहे ते?"

एल्सपेट पिंपातून वर आली, कपाळावरचे मीठ मनगटाने पुसले आणि तिने त्याला माझा अर्थ सांगितला. "दुखतं, पण माणूस तोंड बंद ठेवून काम करतो, ते," असे तिने सांगितले. तिने थट्टेत सांगितले होते आणि अर्धेच सांगितले होते. पण अटिंगला मी भलताच आवडलो. एका अक्षराइतका छोटा आणि कामाला जोर आणणारा!

दुसऱ्या दिवसापासून तो डोणीच्या कडेने फिरताना मला मोठ्याने म्हणू लागला. "थोला, बायांनो, थोला! अजून दोन होड्या यायच्यात!" त्याच्या इंग्रजी तोंडून आपला शब्द ऐकून बायकांना आधी गंमत वाटली. एक-दोघी त्याची नक्कलही करत. मग हळूहळू कुणी हसेनासे झाले. पाठ भरून आली म्हणून एखादी सरळ उभी राहिली, की मागून आवाज येई, "थोल!" पाणी प्यायला कुणी गेली, की "थोल!" त्या आठवड्यात मी शब्द राहिलो नाही, मित्रांनो. मी चाबूक झालो.

मला आज्ञार्थ आहे. व्याकरणात तो दिलेला आहे. पण आमच्याकडे तो कसा वापरत, ते सांगतो. लहान पोराच्या पायात काच गेली, तर आजी सुई तापवून बसे आणि म्हणे, "थोल, राजा, थोल." पण म्हणताना तिचा दुसरा हात त्या पोराच्या हातात असे. बाळंतिणीला सुईण म्हणे, "थोल, बाई," आणि सुईणीच्या दंडावर बाळंतिणीची नखे उमटत. जो आज्ञा करील त्याने हात द्यायचा. हा नियम कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही, पण शेकडो वर्षे तो कुणी मोडला नव्हता.

एका सोमवारी मेरनची सुरी घसरली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटात, पेराच्या जरा वर, खोल गेली. तिने चिंधी आवळली आणि पुढचा मासा उचलला.

"बघू," लीबी म्हणाली.

"काही नाही गं, मावशी. लहानशी आहे."

संध्याकाळी खोलीवर लीबीने पुन्हा विचारले. मेरन म्हणाली, "थोलतेय." लीबी दिवसभर उभी होती, तिच्या पायांचे गोळे झाले होते. तिने मान डोलावली आणि झोपली. गावात असती तर ती पाद्र्यांसारखी बसून राहिली असती. पण परक्या गावात, दमलेल्या माणसांत माझा अर्थ पातळ होतो. पुढच्या दिवशीही मेरनने तेच सांगितले आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. ती जेवताना भाकरी एकट्या उजव्या हाताने मोडायला शिकली होती, ते कुणाच्या लक्षात आले नाही.

गुरुवारी सकाळी चिंध्या बांधायच्या वेळी मेरन पाठ फिरवून उभी राहिली. लीबीने तिला खांद्याला धरून वळवले. बोट दुप्पट झाले होते. नखापाशी पांढरे दिसत होते आणि मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ निघाली होती.

"अगं पोरी!" एवढेच लीबी म्हणाली.

चर्चच्या मिशनने या बायकांसाठी ठेवलेल्या नर्सची मलमपट्टीची खोली आवारापासून लांब नव्हती. पण त्या दिवशी धक्क्यावर होड्यांची रांग लागली होती आणि डोणी काठोकाठ भरली होती. चांदीसारखा मासा उन्हात चमकत होता. लीबी मेरनला घेऊन अटिंगसमोर उभी राहिली.

"मुकादम, हिला नर्सकडे नेते."

"आत्ता? बाहेर बघ जरा! दुपारच्या सुटीत जा."

"हात बघा तिचा."

अटिंगने पाहिले, पण त्याची नजर धक्क्यावर होती. "सगळ्यांचीच बोटं कापतात. तू अशी गट मोडून निघालीस तर मी मालकाला काय सांगू? दुपारी जा म्हटलं ना." मग त्याला वाटले, आपण जरा कडक बोललो. म्हणून तो मेरनकडे वळून हसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "थोल, पोरी. थोल!"

मेरनने उजव्या हाताने सुरी उचलली. मित्रांनो, ती खरोखरच मासा चिरायला वाकली. तिला वाटले, सगळ्या थोलतात तर आपणही थोलले पाहिजे.

लीबीने तिच्या हातातून सुरी काढून घेतली. ती सुरी आणि आपली सुरी, दोन्ही तिने डोणीच्या कडेवर ठेवल्या. आवाज न चढवता ती म्हणाली, "माझ्या आईनं थोललं. मी थोललं. ही थोलणार नाही."

तिन्ही वाक्यांत मी होतो. पहिल्या दोन वाक्यांत मला सवय होती तसा. तिसऱ्यात माझ्या मागे 'नाही' उभा राहिला होता. मला वाटले होते, नकार लागला की क्रियापद पुसले जाते. पण त्या क्षणी मला कळले की मी किती मोठा होऊ शकतो. आजवर मी लोकांना ओझ्याखाली उभे राहायला मदत केली होती. त्या सकाळी मी एका बाईला ते खाली ठेवायला मदत केली.

लीबी मेरनला घेऊन फाटकाबाहेर गेली. पिंपातून एल्सपेट वर आली. तिने इकडेतिकडे पाहिले, कडेवरच्या दोन सुऱ्या पाहिल्या, आणि पिंपाचे झाकण लावून त्यावर बसली.

"तू काय करतेस?" अटिंग ओरडला.

"चिरायला कुणी नाही, मुकादम. रचू काय, पाणी?"

शेजारच्या गटातल्या दोघींनी सुऱ्या ठेवल्या. मग त्यांच्या पलीकडच्या. डोणीच्या टोकाला पश्चिमेकडच्या बेटांवरून आलेल्या बायका होत्या. त्यांची भाषाच वेगळी, त्यांना मी ठाऊकही नव्हतो. त्यांच्यातल्या एकीने काय झाले ते खुणेने विचारले. कुणीतरी आपले डावे बोट दाखवले आणि त्यावरून कोपरापर्यंत एक रेघ ओढली. त्या बाईने आपल्या मैत्रिणींना दोन शब्द सांगितले आणि त्यांच्याही सुऱ्या खाली आल्या. आवारात फक्त कुरव पक्ष्यांचा कलकलाट राहिला. ते माशांवर तुटून पडत होते आणि त्यांना हाकलायला कुणी हात उचलत नव्हते.

अटिंग धावत जाऊन मालकाला घेऊन आला. मालक म्हणजे म्हातारा लोरिमर. तो मूळचा आमच्याच किनाऱ्यावरचा, पण पोरवयातच दक्षिणेत आलेला. इथल्या व्यापाऱ्यांत राहून त्याने इथली भाषा अशी उचलली होती की घरचा एकही शब्द त्याच्या तोंडी उरला नव्हता.

"काय चाललंय?" त्याने विचारले.

"एका कापलेल्या बोटासाठी काम बंद पाडलंय, साहेब," अटिंग म्हणाला. "त्या लीबीला आज संध्याकाळच्या गाडीनं घरी पाठवा. बाकीच्या आपोआप सुतासारख्या सरळ होतील."

लोरिमर एल्सपेटकडे वळला. "तू सांग."

एल्सपेट पिंपावरून उतरली. एवढी बडबडी बाई, पण तिला एकच वाक्य सुचले. "आता थोलवत नाही, साहेब."

म्हातारा थबकला. कितीतरी वर्षांत त्याच्या कानांवर मी पडलो नव्हतो; पडलो असेन तर त्याने मला ओळख दाखवली नव्हती. मी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातला होतो. त्याने अटिंगला विचारले, "त्या पोरीला तू काय म्हणालास?"

"मी? काही नाही! त्यांचाच शब्द म्हटला, साहेब. थोल म्हटलं. धीर दिला!"

"तिचा हात धरला होतास?"

"तिचा हात? मी कशाला धरू?"

"मग तो शब्द तुझा नाही," लोरिमर म्हणाला. "पुन्हा माझ्या आवारात ऐकू येता कामा नये."

मी त्याला थोर माणूस ठरवत नाही. त्याची नजर डोणीतल्या नरम पडत चाललेल्या माशांवरही होती आणि एक डोळा पक्ष्यांवर. पण त्याने सगळ्यांसमोर सांगितले, की ज्या बाईचा हात पिकेल तिने त्याच घटकेला नर्सकडे जायचे, विचारायची गरज नाही, आणि बरी झाली की तिची जागा तिचीच. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. सुऱ्या उचलल्या गेल्या.

इकडे नर्सने मेरनचा हात पाहताच डॉक्टरांना बोलावले. त्यांनी बोट चिरले, पण वरचे पेर वाचण्यासारखे नव्हते. ते काढावे लागले. लीबी सगळा वेळ मेरनच्या उशाशी बसली होती. तिचा उजवा हात मेरनच्या मुठीत होता.

"मावशी, मी थोलतेय हं," मेरन घामाघूम होऊन म्हणाली.

"नको थोलू," लीबी म्हणाली. "ओरड. मोठ्यानं ओरड, मी आहे."

मेरन ओरडली. रस्त्यापलीकडे ऐकू गेले म्हणतात. डॉक्टरांनी नंतर सांगितले, की दुपारपर्यंत उशीर झाला असता तर हात गेला असता, आणि रात्रीपर्यंत झाला असता तर पोर गेली असती.

लीबीचे पुढे काय झाले, ते विचाराल. काम बंद पाडणारीला काहीच शिक्षा नाही, असे मालकाला दाखवून चालणार नव्हते. त्याने तिला ठरावीक दिवसांसाठी डोणीवरून काढून आवाराच्या टोकाला, उघड्यावर, रिकामी पिंपे धुवायला लावले. उत्तरेचा वारा आणि बर्फासारखे पाणी. लीबीने ते काम ठरलेल्या दिवसांपुरते चोख केले. मग ती डोणीपाशी परत आली, तर अटिंग आडवा आला. "तुझी शिक्षा संपली असं कुणी सांगितलं? हंगाम संपेपर्यंत तिथंच!"

लीबी सरळ मालकाच्या खोलीत गेली. दार उघडेच होते.

"साहेब, मी माझा खटला थोललाय," ती म्हणाली.

बास, एवढेच. लोरिमरने मान वर केली. असे वाक्य ऐकल्यावर आमच्याकडचा माणूस दुसरी शिक्षा देऊ शकत नाही. ते त्याच्या रक्तातच नसते. तो बाहेर आला आणि अटिंगला म्हणाला, "तिची सुरी तिला दे." मित्रांनो, मोठमोठ्या न्यायाधीशांच्या तोंडी मी राहिलो आहे. पण माशाच्या खवल्यांनी माखलेल्या त्या बाईच्या तोंडी मी जितका ताठ उभा होतो, तितका कुठल्याच न्यायालयात नव्हतो.

मेरनला पुन्हा चिरता आले नाही. ती एल्सपेटकडे रचायचे काम शिकली. उंचीने कमी, म्हणून पायाखाली खोका घेई. लीबी आणखी बरेच हंगाम दक्षिणेत गेली. मग दुसरे युद्ध झाले, मग मासा कमी झाला, आवारे ओस पडली, आणि ज्या आगगाडीतून बायकांची गाणी ऐकू येत ती गाडी रिकामी धावू लागली. गावच्या शाळेत आलेल्या नव्या बाईंना घरची भाषा खपत नसे. माझे नाव घेतले म्हणून मुलांच्या तळहातावर चामडी पट्टा बसे. मुलांनी मला मैदानात, भिंतीमागे, खिशातल्या गोटीसारखे जपले. त्या मुलांचा मी ऋणी आहे.

आज आमच्याकडचे लोक मला बारीकसारीक कामांना बोलावतात. पाऊस थोलवत नाही, शेजाऱ्याचे बेसूर वाजवणे थोलवत नाही, जावयाचे विनोद थोलवत नाहीत. मला त्याचा कमीपणा वाटत नाही. शब्दाने रोज घराबाहेर पडावे, हिंडावे फिरावे. म्हणजे तो मोठ्या प्रसंगाला ताजा राहतो.

आता शेवटचा प्रसंग. लीबी फार म्हातारी झाली आणि ॲबर्डीनच्या मोठ्या रुग्णालयात पडून होती. मेरन, आता तिचेही केस पांढरे, रोज बसने यायची आणि उशाशी विणत बसायची. एका सकाळी नवे डॉक्टर आले. तरुण, दूरच्या देशातून आलेले, नुकतेच रुजू झालेले.

"आजी, दुखणं कसं आहे?"

"थोलतेय," लीबी म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते. ते थांबले, परत आले आणि खुर्ची ओढून बसले. "माफ करा, आजी. हा शब्द मला येत नाही. म्हणजे काय?"

लीबीने उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली. गावात सगळ्यांना माझा अर्थ ठाऊक होता, म्हणून तिला कुणी कधी विचारला नव्हता. आणि बाहेरच्यांना तो विचारायला सवड नव्हती. ती शब्द शोधू लागली. मेरनच्या सुया थांबल्या.

"म्हणजे," ती म्हणाली, "दुखतंय, बाळा. फार दुखतंय. पाठीतून पायापर्यंत. रात्री तर जीव नकोसा होतो. पण तुम्हाला सगळ्यांना कामं असतात, म्हणून मी असं म्हणते."

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "कामं आहेत," ते म्हणाले. "त्यांतलं हे पहिलं." त्यांनी औषध बदलले आणि संध्याकाळी ते पुन्हा येऊन बसले. त्या रात्री लीबी पुष्कळ दिवसांनी शांत झोपली. पुढचे थोडेसे दिवस तिने गप्पा मारल्या, मेरनच्या विणकामात चुका काढल्या, एल्सपेटच्या आठवणी सांगून खाटेवर हसली. मग एका पहाटे ती गेली. तिला शेवटी दुखत नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो. मी तिच्या ओठांवर नव्हतो.

मित्रांनो, जुन्या शब्दांना काचेच्या पेटीत ठेवू नका. आम्हांला वापरा, आम्ही वापराने झिजत नाही. आणि माझ्यासाठी एक गोष्ट करा. तुमच्या घरातही कुणीतरी असेल. पाय चोळत, डोके दाबत, खिडकीबाहेर बघत ते माणूस म्हणत असेल, "चालायचंच," "काही नाही रे, ठीक आहे." त्याच्या भाषेत तो मीच आहे. पुढच्या खाटेकडे वळू नका. परत या, जवळ बसा, विचारा, "म्हणजे काय?" आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.